सहा महिन्यांचं खत दोन महिन्यांत संपलं कसं? बोन्साय आणि स्लो रिलीज खत

बोन्सायच्या खतावर जो भाग केला, त्याचं हे लेखी रूप. बोलताना येणारे 'म्हणजे बघा' आणि 'ॲक्च्युअली' बऱ्यापैकी काढून टाकलेत. आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण ऐकताना आकडे निसटतात आणि मग कुंडीसमोर उभं राहून भाग मागे-पुढे करत बसावं लागतं.

खताबद्दल बोन्सायवाल्यांचा हमखास येणारा प्रश्न असा असतो: "पाकिटावर पाच-सहा महिने लिहिलंय. एप्रिलमध्ये गोळ्या टाकल्या, जून लागला तर वडाची पानं फिकट. खत बोगस निघालं का?"

बहुतेक वेळा खत बोगस नसतं आणि लेबलही खोटं नसतं. फक्त ते सहा महिने आपल्या गच्चीवरचे नसतात. ते कुठले असतात, हाच आजचा मुख्य मुद्दा.

उपाशी ठेवून बोन्साय होत नाही

आधी एक गैरसमज बाजूला करू. घरी बोन्साय आणलं की कोणीतरी आत्या किंवा मावशी म्हणतेच, "अगं बाई, झाडाला उपाशी ठेवून बुटकं करतात म्हणे!" तसं नाहीये. बोन्साय लहान राहतं ते फांद्यांच्या आणि मुळांच्या छाटणीमुळे आणि कुंडीतल्या मर्यादित जागेमुळे. छाटणी झाली की झाडाला नवी फूट काढावी लागते, जखम भरून काढावी लागते, कापलेल्या मुळांच्या जागी नवी मुळं आणावी लागतात. हे सगळं करायला खायला लागतं. उपाशी बोन्साय बुटकं राहत नाही, आजारी पडतं. आधी आतल्या फांद्या वाळतात, मग पानं विरळ होतात, आणि एखाद्या उन्हाळ्यात ते जातं. दहा-पंधरा वर्षं वाढवलेलं झाड असेल तर ती वर्षं काही परत येत नाहीत.

आता कुंडी बघा. समजा तुमचा छोटा ट्रे आतून १२ सेमी लांब, ९ सेमी रुंद आणि ४ सेमी खोल आहे. गुणाकार केला तर ४३२ घनसेंटिमीटर, म्हणजे अर्धा लिटरसुद्धा नाही. त्यात विटांचा चुरा, जाडी वाळू, थोडं कंपोस्ट. हे मिश्रण आपण मुद्दाम असं करतो की पाणी भसाभस निघून जावं आणि मुळांना हवा मिळावी. पण जे मिश्रण पाणी धरत नाही ते खतही फारसं धरत नाही. शेतातल्या काळ्या मातीत चिकणमातीचे कण पोषणद्रव्यं पकडून ठेवतात. भाजलेल्या विटेचा खडा ते काम फार कमी करतो. वरून आपण रोज, आणि उन्हाळ्यात दोनदा, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत पाणी घालतो. सोमवारी दिलेलं विद्राव्य खत गुरुवारपर्यंत बरंचसं बाल्कनीच्या नळीतून खाली गेलेलं असतं.

म्हणून बोन्सायला थोडं थोडं आणि सारखं खायला लागतं. ते दर आठवड्याला हाताने द्या, नाहीतर स्लो रिलीज खताकडून करून घ्या. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा रेट लिमिटर आहे. रिक्वेस्ट एकदम हजार आल्या तरी पुढे जाणार ठरलेल्या वेगानेच.

एक ग्रॅम विरुद्ध तीन ग्रॅम

फरक आकड्यांत बघू. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतं. एक ग्रॅम युरिया म्हणजे ०.४६ ग्रॅम नायट्रोजन. आवरण असलेल्या एखाद्या स्लो रिलीज खतात १५ टक्के नायट्रोजन आहे असं धरू. त्याचे तीन ग्रॅम म्हणजे ०.४५ ग्रॅम. नायट्रोजन जवळजवळ तेवढंच.

पण आपल्या अर्धा लिटरच्या ट्रेमध्ये मातीने धरलेलं पाणी असतं फार तर दीडशे मिलिलिटर. त्यात एक ग्रॅम युरिया एकदम विरघळला तर लिटरला साडेसहा ग्रॅमच्या वर प्रमाण जातं. बोन्सायला पाण्यातून विद्राव्य खत देताना लिटरला अर्धा ते एक ग्रॅम देतात, यावरून अंदाज करा. मुळांभोवतीचं पाणी इतकं तीव्र झालं की मुळं पाणी ओढू शकत नाहीत, उलट मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. माती ओली आणि झाड वाळतंय, असं विचित्र दृश्य दिसतं. लोक मग "पाणी कमी पडलं" म्हणून आणखी पाणी घालतात. (तेच त्या वेळी बरोबर ठरतं, कारण जास्तीचं खत धुऊन निघतं. चुकून केलेला योग्य इलाज!)

तेच नायट्रोजन गोळ्यांमधून तीन महिन्यांत आलं तर दिवसाला पाच मिलिग्रॅम पडतं. झाड तेवढं सहज खातं.

इथे एक शंका येते: "आपला युरिया तर निमकोटेड असतो, मग तो स्लो रिलीजच ना?" २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या अनुदानित युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं आवरण सक्तीचं आहे, हे खरं. पण ते तेल युरिया विरघळणं थांबवत नाही. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, तो वेग ते कमी करतं. शेतात त्याचा उपयोग आहे. अर्धा लिटर मातीत युरिया तो युरियाच. बोन्सायजवळ नको.

गोळीच्या आत काय चालतं

ऑस्मोकोट, मल्टिकोट, बासाकोट, न्यूट्रिकोट ही नावं तुम्ही ऑनलाइन पाहिली असतील. मोहरीपेक्षा मोठ्या, पिवळसर किंवा तपकिरी गोळ्या. हा प्रकार १९६०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. आत साध्या खताचा दाणा, बाहेर राळेसारखं किंवा प्लॅस्टिकचं पातळ आवरण.

बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, तसंच काहीसं इथे होतं. मातीतली ओल वाफेच्या रूपात आवरणातून आत शिरते. आतला दाणा विरघळायला लागतो, आत दाब वाढतो, आणि विरघळलेलं खत आवरणातून हळूहळू बाहेर झिरपतं. आवरण जाड असेल तर वेग कमी. तीन-चार महिन्यांची गोळी आणि आठ-नऊ महिन्यांची गोळी यांत मुख्य फरक या आवरणाचाच.

म्हणजे गोळी एकदा नीट ओली राहिली की तुम्ही किती पाणी घालता यावर तिचा वेग फारसा ठरत नाही. मातीत जिवाणू किती आहेत यावरही नाही. वेग ठरतो तापमानावर. गरम झालं की आवरणातून जा-ये वाढते. हा प्रकार मुळात हुशार आहे, कारण गरम दिवसांत झाडही जास्त वाढतं आणि जास्त खातं. थंडीत दोघंही सुस्त. पण ही जोडी जमते एका मर्यादेपर्यंतच.

२१ अंशांचे सहा महिने

आता मूळ प्रश्न. पाकीट उलटं करा आणि अगदी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. ऑस्मोकोटसारख्या खतांचे महिने मोजलेले असतात मातीचं सरासरी तापमान २१ अंश सेल्सिअस धरून. काही जपानी बनावटीच्या खतांसाठी हा आकडा २५ अंश असतो. म्हणून महिन्यांच्या शेजारी किती अंश लिहिलेत, हे आधी बघायचं.

२१ अंश सरासरी आपल्याकडे वर्षभर कुठे असते? महाबळेश्वरला त्याच्या आसपास. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा दुपारी २९-३० आणि पहाटे ११-१२ अंश असतात. गंमत बघा, पुण्यात लेबल खरं ठरतं ते नेमकं तेव्हा, जेव्हा वड, पिंपळ, उंबर ही आपली झाडं थंडावलेली असतात आणि त्यांना फारशी भूक नसते.

अंदाज बांधायला एक सोपा नियम वापरता येतो. तापमान १० अंशांनी वाढलं की खत बाहेर येण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. नियम ढोबळ आहे, प्रत्येक ब्रँडचं आवरण वेगळं असतं, पण पाकिटावर डोळे झाकून विश्वास ठेवण्यापेक्षा हा बरा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: सरासरी तापमानातून २१ वजा करा, उत्तराला १० ने भागा, आणि २ चा तेवढा घात घ्या. लेबलवरच्या महिन्यांना त्या आकड्याने भागलं की तुमच्या गच्चीवरचे महिने मिळतात.

पुण्याच्या पावसाळ्यात सरासरी २५ अंश धरू. फरक ४, म्हणजे ०.४ चा घात, उत्तर साधारण १.३. तीन-चार महिन्यांची गोळी अडीच-पावणेतीन महिने चालेल. जूनच्या सुरुवातीला टाकलेली ऑगस्टच्या शेवटी संपत येईल. हे ठीक आहे.

आता नागपूरचा मे. दुपारी ४२-४३, रात्री २८ च्या आसपास, सरासरी ३५. फरक १४, उत्तर साधारण २.६. पाच-सहा महिन्यांची गोळी त्याच वेगाने चालली तर दोन महिन्यांतच आटोपते! आणि तीन-चार महिन्यांची? सव्वा महिना. एप्रिलमध्ये टाकलेलं खत जूनमध्ये कुठे गेलं, याचं उत्तर हे.

हिशोब अजून थोडा बिघडतो. ही हवेची सरासरी झाली. गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेल्या उथळ, गडद रंगाच्या ट्रेमधली माती दुपारी हवेपेक्षाही तापते. शिवाय वेग दुपटीने वाढत असल्यामुळे दुपारच्या चार तासांत जे जास्तीचं खत बाहेर येतं ते रात्रीच्या गारव्याने भरून निघत नाही. म्हणजे सरासरी घेऊन केलेला हिशोबही आशावादीच म्हणायचा.

खत लवकर संपलं तर फार काय, पुन्हा टाकू. खरी भीती दुसरी आहे. चाळिशीच्या पुढे तापलेल्या मातीत मुळांचं काम मंदावतं. झाड दुपारी पानं मिटून, फूट थांबवून कसंबसं तग धरतं. आणि नेमकं तेव्हा गोळ्या सर्वांत जास्त खत ओतत असतात. झाड खात नाही, खत साचतं, क्षार वाढतात. आधी पानांच्या कडा तपकिरी होतात, मग कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर येतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यात आणखी भर. उन्हाळ्यात मेलेल्या झाडाचा दोष आपण उन्हाला देऊन मोकळे होतो. काही वेळा मार्चमध्ये घातलेल्या मूठभर गोळ्यांचाही त्यात हात असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: विदर्भ, मराठवाडा, खानदेशात मार्च ते मे या काळासाठी आवरणाच्या गोळ्या मातीत मिसळू नका. पुण्या-नाशकात निम्म्या डोसने आणि हिरव्या जाळीखाली ठीक. मुंबई-कोकण-गोव्यात तापमान फार वर-खाली होत नाही, तिथे वर्षभर जवळपास एकच हिशोब चालतो, फक्त तो २१ चा नाही, २७-२८ चा.

पुरचुंडी: काढून घेता यावं म्हणून

गोळ्या द्यायच्या कशा? साध्या कुंड्यांसाठी बहुतेक लोक माती बदलतानाच त्या मिसळतात. बोन्सायसाठी मला हे पटत नाही. एकदा मिसळल्या की बाहेर काढता येत नाहीत. उन्हाची लाट आली, झाड आजारी पडलं, मुळं कुजायला लागली, तरी खत चालूच. जे मागे घेता येत नाही ते थेट प्रॉडक्शनवर टाकायचं नसतं, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात.

नुसत्या मातीवर पसरल्या तर पाणी घालताना वाहून काठाशी गोळा होतात. शिवाय वरच्या कोरड्या थरात गोळी नीट ओली राहत नाही आणि उन्हात तापते मात्र भरपूर.

सोपा उपाय म्हणजे पुरचुंडी. जुन्या ओढणीचा किंवा मलमलचा तुकडा, नाहीतर रिकाम्या चहाच्या पिशव्या मिळतात त्या. त्यात मोजलेल्या गोळ्या भरा, दोऱ्याने बांधा, आणि कुंडीच्या काठाजवळ मातीत अर्धी रुतवा. खोडाजवळ नको, बारीक मुळं काठाकडे असतात. वरून थोडं शेवाळ किंवा विटांचा चुरा पसरला की ओलही राहते आणि दिसायलाही वाईट दिसत नाही. तारीख आणि खताचे महिने लिहिलेली आइस्क्रीमची काडी शेजारी खोचा, किंवा फोनवर रिमाइंडर लावा. रिमाइंडर मात्र आपण काढलेल्या महिन्यांचा, पाकिटावरच्या नाही.

डोस किती? पाकिटावर कुंडीतल्या झाडांसाठी लिटरमागे किती ग्रॅम ते दिलेलं असतं, बऱ्याच खतांसाठी तीन-चार ग्रॅम. बोन्सायसाठी त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. ट्रे आतून ३० बाय २० सेमी आणि ६ सेमी खोल असेल तर ३.६ लिटर, म्हणजे सहा-सात ग्रॅम. आपल्या आधीच्या छोट्या ट्रेला पाऊण ग्रॅम पुरे. चमच्याने मोजण्यात अर्थ नाही. ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत खिशात मावणारा वजनकाटा मिळतो, तो घ्या. कॉफीसाठीही उपयोगी पडतो.

गोळ्या कुटू नका, चिरडू नका. आवरण फुटलं की तो साधा खताचा दाणा झाला.

खरी गोळी, खोटी गोळी

ऑनलाइन आणि नर्सरीत झिप पाउचमध्ये 'स्लो रिलीज खत' म्हणून सुटं काहीही मिळतं. त्यावर महिने नाहीत, टक्केवारी नाही. कधी मोठ्या पोत्यातलं खरं खत सुटं करून विकलेलं असतं, कधी निव्वळ रंगीत दाणेदार खत. ओळखायला काचेचा ग्लास पुरतो. पाच-सहा गोळ्या साध्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. सकाळी दाणे विरघळून गेले असतील किंवा चिखल झाला असेल तर ते स्लो रिलीज नव्हे. आवरणाची गोळी तशीच्या तशी दिसते. ही परीक्षा झाडावर करण्यापेक्षा ग्लासात केलेली बरी.

दुसरी फसगत आपली आपणच करून घेतो. खत संपलं तरी टरफल तसंच राहतं. वरून बघून वाटतं, "अरे, गोळ्या आहेत की अजून!" एक गोळी दोन नखांत दाबून बघा. आत कडक दाणा लागला तर बरंच खत शिल्लक आहे. दाणा नाही आणि नुसतं पाणी फुटलं, टरफल चपटं झालं, तर कारभार संपला. ही टरफलं लवकर कुजत नाहीत, मातीत राहतात. म्हणूनच युरोपियन युनियनने अशा आवरणांसाठी ती जैविकरीत्या विघटन होणारी असावीत, असा नियम केलाय. पुरचुंडीचा हा आणखी एक फायदा: रिकामी टरफलं उचलून टाकता येतात.

पेंडीचा जपानी अवतार आणि देशी अवतार

आवरणाच्या गोळ्या यायच्या आधी बोन्सायवाले काय करत होते? १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले काही बोन्साय व्यावसायिक शहराबाहेर ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचं गावच वसलं. तिथल्या ट्रेमध्ये आजही मातीवर ठेवलेल्या तपकिरी गोल वड्या दिसतात. तामाहि म्हणतात त्यांना. रेपसीडची पेंड आणि हाडांचा चुरा आंबवून वळलेल्या वड्या. रेपसीड म्हणजे मोहरीचं सख्खं भावंड. त्यामुळे जपानी बोन्सायचं पारंपरिक खत आणि आपल्या तेलघाणीवर मिळणारी मोहरीची पेंड यांत फार अंतर नाही. आयात वड्यांवर हजार रुपये घालवण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

पेंडीचं स्लो रिलीज वेगळ्या मार्गाने चालतं. तिथे आवरण नाही. जिवाणू आणि बुरशी पेंडीतली प्रथिनं फोडतात आणि त्यातून नायट्रोजन सुटतं. त्यासाठी ऊब आणि ओल, दोन्ही लागतं. पेंड कोरडीठाक पडली की काम बंद. म्हणून कडक उन्हाळ्यात ती बरीच सुरक्षित वाटते, आणि नको वाटली तर वडी उचलायची, झालं.

आपल्याकडे पर्याय भरपूर. शेंगदाणा पेंडीत नायट्रोजन सात टक्क्यांच्या आसपास, मोहरी आणि निंबोळी पेंडीत साधारण पाच. निंबोळी पेंड मला सर्वांत सोयीची वाटते. वास कमी, किडीही थोड्या दूर राहतात, कुत्र्या-मांजरांना तिची चव आवडत नाही. मोहरीची पेंड पाण्यात भिजवून आंबवली तर खत उत्तम होतं, पण मजल्यावरचे शेजारी बोलायचे बंद होतात. बाल्कनीवाल्यांनी विचार करून करावं.

एरंडी पेंडीबद्दल मात्र थांबून ऐका. ती नर्सरीत सहज मिळते, खत म्हणून चांगली आहे. पण एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं अत्यंत विषारी प्रथिन असतं आणि विषमुक्त न केलेल्या पेंडीत ते राहतं. पेंडीचा वास कुत्र्यांना खाण्यासारखा वाटतो, आणि हाडांचा चुरा मिसळला असेल तर विचारूच नका. थोडी खाल्ली तरी कुत्रा मरू शकतो. घरात कुत्रा, मांजर किंवा रांगणारं बाळ असेल तर एरंडी पेंड आणूच नका. आणि कुत्र्याने खाल्ली अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

पेंडीचा कच्चा दुवा म्हणजे आपला पावसाळा. संततधारेत वडी विरघळून तिचा लगदा होतो, तो मातीच्या फटींत बसतो, निचरा मंदावतो, वर बुरशी आणि चिलटं. महिना-दीड महिन्याने बदलायची वडी आठवड्यात चिखल होते. आवरणाच्या गोळीला पावसाने काही होत नाही. बाहेर आलेलं खत वाहून जातं, पण आतला साठा टिकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं बाहेर येतं.

त्यामुळे माझी वाटणी अशी: जून ते सप्टेंबर गोळ्या, पाऊस ओसरल्यावर आणि फेब्रुवारीपासून निंबोळी किंवा मोहरीची पेंड, आणि कडाक्याच्या उन्हात जवळपास काहीच नाही. आपल्या वड-पिंपळांची खरी वाढ पावसाळ्यातच होते, त्यामुळे तीन-चार महिन्यांची गोळी तिथे चपखल बसते. मी बारा महिन्यांची गोळी कधीच सुचवणार नाही. आपल्या हवेचे तीन ऋतू तीन वेगळ्या गोष्टी मागतात.

कधी हात आखडायचा

मुळं छाटून माती बदलली असेल तर नवी फूट दिसेपर्यंत, साधारण महिनाभर, खत नको. कापलेली मुळं खात नाहीत, फक्त पोळतात. आजारी झाडाला 'ताकद यावी' म्हणून खत देणं हा आपल्या मायेचा प्रकार आहे, झाडाच्या कामाचा नाही. अडेनियम थंडीत पानं गाळून झोपतं, तेव्हा त्याची पुरचुंडी काढून ठेवा.

झाड कुठल्या टप्प्यावर आहे, हेही महत्त्वाचं. खोड जाड करायचंय, फांद्या वाढवायच्यात, तर हळूहळू पूर्ण डोसपर्यंत जा. पण आकार झालेलं, बारीक फांद्यांवर काम चाललेलं झाड असेल तर जास्त नायट्रोजन म्हणजे मोठी पानं आणि दोन पानांमधलं लांब अंतर. पाच वर्षं खपून आणलेली नाजूक घडण एका पावसाळ्यात बिघडते. वडाची पानं लहान करण्यासाठी सगळी पानं काढतात, त्याआधी झाड चांगलं खाल्लेलं असावं लागतं. पानं काढली की मात्र नवी पानं पक्की होईपर्यंत पुरचुंडी बाहेर. मातीत मिसळलेल्या गोळ्यांना हे सांगणार कसं?

आता फिकट पानांकडे. खत कमी पडलं असं ठरवण्याआधी कुठली पानं फिकट आहेत ते बघा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी असण्याची शक्यता जास्त, कारण झाड जुन्या पानांतलं नायट्रोजन काढून नव्या पानांना देतं. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर बहुधा लोह मिळत नाहीये, आणि जड पाण्यामुळे मातीचा सामू वाढला की हे नेहमी दिसतं. तिथे आणखी गोळ्या टाकून उपयोग नाही. चिलेटेड लोह आणि शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी द्यायचं. आणि कडा करपल्यात, काठावर पांढरा थर आलाय, तर पुरचुंडी काढा, ट्रे सावलीत घ्या, आणि चांगल्या पाण्याने तीन-चार वेळा भरपूर धुऊन निथळू द्या. मग दोन-तीन आठवडे नुसतं पाणी.

तुमच्या शहराचं सरासरी तापमान, ट्रेचं माप आणि पाकिटाच्या मागचा फोटो पाठवलात तर पुढच्या प्रश्नोत्तरांच्या भागात त्यातले काही हिशोब आपण एकत्र करून बघू. फोटो मागच्या बाजूचा हं, पुढच्या बाजूला फक्त हिरवंगार झाड असतं.